अमेरिका किती घंटे लांब?

एखादीची मुलगी लग्न होऊन अमेरिकेला गेली, की आपल्या यवतमाळकडे शेजारणी पहिल्यांदा काय विचारतात? पगार नाही, घर नाही. विचारतात, “किती घंटे लागतात वो तिकडे जायले?” पुण्या-मुंबईच्या बायका तास म्हणतील, आपण घंटे म्हणतो. पण प्रश्न मात्र अगदी नेमका आहे. किती किलोमीटर, असे कुणी विचारत नाही. घरातून निघालेलं माणूस दुसऱ्या घरात केव्हा पोचतं, एवढंच बाईला हवं असतं.

गंमत अशी, की या साध्या प्रश्नाला घरातलेच तीन जण तीन उत्तरं देतात. मुलगी फोनवर म्हणते, “आई, पंधरा तास फक्त!” तिकिटावर पाहावं तर रात्री दोनला निघून सकाळी आठला पोच, म्हणजे सहाच तास! आणि जाऊन आलेल्या काकू सांगतात, “अगं, दोन दिवस मोडतात.” खोटं कुणीच बोलत नाही. प्रत्येकजण वेगळं काही मोजत असतो, इतकंच.

मैत्रिणींनो, हा हिशेब आपला आपल्याला यायला हवा. मुलीचं बाळंतपण करायला एकटीने निघायचं असतं, तेव्हा तो लागतो. आणि देव न करो, पण घरात कुणाचं जास्त झालं आणि मुलाला तिकडून बोलवायचं असलं, तर तोच हिशेब डोळ्यांत पाणी असताना करावा लागतो. म्हणून तो आजच, निवांतपणी समजून घेऊ.

पृथ्वीचा गोल आणि शिवणाचा दोरा

मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर पृथ्वीचा गोल असेल तर घ्या, आणि शिवणाच्या डब्यातला दोरा घ्या. भिंतीवरचा नकाशा इथे उपयोगाचा नाही. तो गोल पृथ्वी ताणून सपाट केलेला असतो. शाळेत भूगोल शिकवताना मी मुलांकडून हा खेळ नेहमी करून घेते, आणि मोठ्यांनाही तो आवडतो.

दोऱ्याचं एक टोक नागपूरवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. आपल्याला वाटतं तो अरबी समुद्रावरून सरळ पश्चिमेला जाईल. तसं होत नाही. दोरा वर सरकतो. दिल्लीजवळून, पामीरच्या पहाडांवरून, कझाकस्तानातून, रशियाच्या उत्तर भागातून, नॉर्वे-स्वीडनच्या वरच्या टोकावरून, ग्रीनलंडच्या दक्षिणेवरून आणि कॅनडातून तो न्यूयॉर्कला उतरतो. गोल वस्तूवर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट ही अशी असते.

गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर विषुववृत्ताभोवती गुंडाळलेला दोरा सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर झाला जवळजवळ ४२५ किलोमीटर. नागपूर ते न्यूयॉर्क दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास येतो. करा गुणाकार! बरोबर गणित केलं तर हे अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर आहे.

आता पुढची मौज पाहा. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर. म्हणजे मुंबई आपल्यापेक्षा केवळ ७० किलोमीटरने जवळ! मुंबईला गेलो की अमेरिकेच्या जवळ गेलो, असं जे आपल्या मनात असतं ते खरं नाही. दिल्ली मात्र खरोखर जवळ आहे, कारण ती दोऱ्याच्या वाटेवरच पडते. दिल्ली ते न्यूयॉर्क सुमारे ११,७५५ किलोमीटर.

नागपूरहून सगळा प्रवास मांडला तर असा होतो:

दिल्लीमार्गे: ८५५ आणि ११,७५५, मिळून १२,६१० किलोमीटर.
मुंबईमार्गे: ६८० आणि १२,५३०, मिळून १३,२१० किलोमीटर.
आखातातल्या दोहामार्गे: २,८४० आणि १०,७७०, मिळून १३,६१० किलोमीटर.

सर्वांत जवळच्या आणि सर्वांत लांबच्या वाटेत १,००० किलोमीटरचा फरक दिसतो. रस्त्याने हे अंतर म्हणजे दोन दिवस. पण मोठं विमान ताशी साडेआठशे ते नऊशे किलोमीटरने जातं, त्याला हा फरक जेमतेम सव्वा तासाचा! तेव्हा वाट निवडताना किलोमीटर पाहू नयेत. मधल्या विमानतळावर किती तास बसावं लागतं ते पाहावं. चार तास आणि अकरा तास, खरा फरक तिथे पडतो.

जाताना जास्त, येताना कमी

दिल्लीहून न्यूयॉर्कला थेट विमान मिळालं, तर जाताना साधारण पंधरा ते सोळा तास आणि येताना चौदाच्या आसपास लागतात. वाट तीच, विमानही तेच, मग फरक का? दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारं जोरात वाहत असतं. अमेरिकेला जाताना ते पुष्कळ वाट तोंडावर येतं, परत येताना पाठीवर. वारं पाठीशी असलं की सायकल कशी पळते, तसंच हे.

दुसरं कारण माणसांनी केलेलं आहे. आपला दोरा सीमा पाहत नाही, विमानाला मात्र त्या पाहाव्या लागतात. २०१९ साली फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपलं आकाश बंद ठेवलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी भारतीय विमानांना पुन्हा बंदी केली. मग एअर इंडियाची पश्चिमेकडे जाणारी विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालू लागली आणि अमेरिकेची काही विमानं तेल भरायला युरोपात थांबू लागली. म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या काकूंचे तास आपल्या तिकिटाला लावू नयेत. आपल्या तारखेच्या विमानाचे तास आपणच विचारून घ्यावेत.

या तासांनी कंटाळा येतो खरा, तेव्हा आनंदीबाई जोशींना आठवावं. १८८३ सालच्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने एकट्या निघाल्या आणि न्यूयॉर्कला पोचल्या जूनमध्ये. जवळजवळ दोन महिने! वय अठरा, नेसूवर लुगडं, आणि सोबत आपलं माणूस एकही नाही. पुढे १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं आणि १९६० साली एअर इंडिया न्यूयॉर्कला पोचली. आपलं नागपूरही या गोष्टीत मागे नव्हतं बरं का. १९४९ साली रात्रीची टपालविमानं सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि परत फिरत. देशाच्या मध्यावर असण्याचा तो मान.

तिकिटावरचं घड्याळ

आता ते सहा तासांचं कोडं सोडवू. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. दोन्ही घड्याळं वेगळी, म्हणून त्यांची सरळ वजाबाकी करायची नसते.

न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. कॅलिफोर्नियाचं घड्याळ न्यूयॉर्कच्याही तीन तास मागे, म्हणजे आपल्यापासून साडेबारा किंवा साडेतेरा तास.

रीत सोपी आहे. पोचण्याची वेळ आधी भारताच्या वेळेत आणायची, मग वजाबाकी. समजा, उन्हाळ्यात मंगळवारी रात्री दोनला दिल्ली सोडली आणि न्यूयॉर्कला मंगळवारीच सकाळी आठला उतरलो. सकाळच्या आठात साडेनऊ तास मिळवले की आपल्याकडचे संध्याकाळचे साडेपाच होतात. दोन ते साडेपाच, म्हणजे साडेपंधरा तास. सुटलं कोडं!

परतीला उलटं होतं. न्यूयॉर्कहून मंगळवारी दुपारी बाराला निघालो आणि दिल्लीला बुधवारी सकाळी साडेअकराला पोचलो, तर तिकीट साडेतेवीस तासांचं दिसतं. पण न्यूयॉर्कचे दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. प्रवास झाला चौदाच तासांचा.

उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

पण मैत्रिणींनो, आपण काही विमानतळावर राहत नाही. यवतमाळला धावपट्टी आहे, पण प्रवाशांचं नियमित विमान तिथून सुटत नाही. तेव्हा हिशेब आपल्या उंबरठ्यापासून धरायचा. एक उदाहरण मांडते. वेळा नमुन्यादाखल आहेत, तुम्ही तिथे आपल्या तिकिटाच्या घाला. तिकडचं घर न्यू जर्सीत, न्यूयॉर्कच्या विमानतळापासून तासाभरावर, असं धरलं आहे.

सोमवारी दुपारी दोनला यवतमाळहून गाडी निघाली. कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी करत नागपूरचा विमानतळ दीडशे किलोमीटर. चहापाणी धरून साडेतीन तास.
नागपूरला विमानाच्या आधी दोन तास.
नागपूर ते दिल्ली पावणेदोन तास.
दिल्लीला सामान, पासपोर्टचा शिक्का, तपासणी, बसणं: पावणेपाच तास.
दिल्ली ते न्यूयॉर्क साडेपंधरा तास.
तिथे पासपोर्टची रांग आणि सामान: दोन तास.
विमानतळापासून लेकीच्या घरापर्यंत एक तास.

बेरीज साडेतीस तास! त्यातले हवेत फक्त सव्वासतरा. बाकी सव्वातेरा जमिनीवर. मुलगी म्हणते ते पंधरा तासही खरे आणि काकू म्हणतात ते दोन दिवसही खरे. पण तयारी करायची ती साडेतीस तासांची.

आपला जिल्हा लांबलचक आहे, त्यामुळे पहिला आकडा तालुक्याप्रमाणे बदलतो. वणी, पांढरकवड्याला नागपूरच सोयीचं. पांढरकवड्याहून हैदराबादचाही मोठा रस्ता आहे. उमरखेडला नांदेडचा विमानतळ नागपूरपेक्षा कितीतरी जवळ. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, यवतमाळहून अमरावती सुमारे ९० किलोमीटर. पण जवळच्या विमानतळावरून आठवड्यातले मोजके दिवसच विमान असेल आणि मुंबईला रात्रभर बसावं लागत असेल, तर लांबचं नागपूर बरं. पुन्हा तेच, किलोमीटर नव्हे, घंटे मोजा.

बाळंतपणाला निघताना

हे तास कळले की तयारी आपोआप सुचते. काही गोष्टी मात्र आवर्जून सांगते.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा. नागपूर-दिल्ली वेगळं आणि पुढचं वेगळं काढलं, की थोडे पैसे वाचतात. पण पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर नुकसान आपलं. एकाच तिकिटावर पुढची सोय विमान कंपनी करते. मध्ये निदान तीन-चार तास असू द्यावेत. तासा-दीड तासाची जोडणी दिसायला छान, पण पहिल्यांदाच एकटीने जाणारीला ती पळापळच.

पाय दुखत असोत वा इंग्रजीची धास्ती असो, तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घ्यावी. त्यात लाज कसली? खुर्ची ढकलणारा माणूस रांगांतून नेतो आणि पुढच्या विमानाच्या दारापर्यंत पोचवतो.

गोळ्या-औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत मुळीच नाही, कारण ती साडेतीस तासांतला बराच वेळ आपल्या हाताला लागत नाही. मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी घड्याळाच्या आठला घ्यायची, तर आठ कुठले? म्हणून निघण्यापूर्वी वरचा तक्ता डॉक्टरांना दाखवून कितव्या तासाला कुठली गोळी ते लिहून घ्यावं. इन्शुलिन घेणाऱ्या बहिणींनी तर हे विचारल्याशिवाय निघूच नये.

चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला, की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून दर दीड-दोन तासांनी उठावं, बोळीतून एक फेरी मारावी, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावं. शौचाला जावं लागेल म्हणून पाणी न पिण्याची आपली सवय इथे मोडायची.

आणि तारीख? लेकीच्या दिवसांच्या तोंडावर जाऊ नका. साडेनऊ-दहा तासांनी उलटलेली झोप ताळ्यावर यायला आठवडा सहज लागतो. भर दुपारी डोळे मिटतात आणि रात्री दोनला टक्क जाग. अशा अवस्थेत ओल्या बाळंतिणीचं काय करणार? निदान दोन-तीन आठवडे आधी पोचावं. स्वयंपाकघर समजून घ्यावं, झोप जागेवर आणावी, मग बाळाची वाट पाहावी.

उलटा प्रवास

आता जे बोलायला जड जातं ते. आईला किंवा बाबांना दवाखान्यात ठेवलंय, डॉक्टरांनी आशा सोडली, आणि मुलगा न्यू जर्सीला. अंगणात नातेवाईक जमतात. “मुलगा येईपर्यंत थांबायचं की नाही?” एकजण म्हणतो, उद्या सकाळी येईलच. दुसरा म्हणतो, चार दिवस लागतील. आणि या सगळ्यात ज्या बाईचं कुंकू किंवा जिची सासू जायला निघाली, तिलाच शेवटी विचारतात, “वहिनी, काय करायचं?”

हिशेब मांडून ठेवला असेल तर तिला उत्तर देता येतं. फोन गेल्यावर तिकीट मिळायला काही तास. घरून विमानतळ एक तास, विमानाच्या आधी तीन तास, चौदा तासांचा प्रवास, दिल्लीला चार-पाच तास, नागपूरचं विमान पावणेदोन तास, मग बाहेर पडून दीडशे किलोमीटर रस्ता. सगळं जुळलं तरी तीस तासांच्या आत मुलगा दारात येत नाही. छत्तीस धरावेत. त्या दिवसाचं विमान आधीच सुटून गेलं असेल किंवा दिल्लीला रात्र काढावी लागली, तर अठ्ठेचाळीस. यापेक्षा लवकर येईल असं कुणी म्हटलं तर त्यावर विसंबू नका, आणि न आल्याबद्दल त्या पोराला बोलही लावू नका.

कागदांचं एक आहे. मुलाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर भारतात यायला त्याच्याजवळ ओसीआय कार्ड किंवा व्हिसा हवा. तिकडे नोकरीच्या व्हिसावर असेल आणि पासपोर्टवरच्या शिक्क्याची मुदत संपली असेल, तर तो इकडे येईल, पण परत जाताना नवा शिक्का घ्यावा लागेल. तो पाय का ओढतोय हे पुष्कळदा आपल्याला ठाऊकच नसतं. “बाळा, तुझे कागद निघण्याजोगे आहेत ना?” एवढं वर्षातून एकदा फोनवर विचारायला काय हरकत आहे?

थांबायचं ठरलं, तर शीतपेटी बऱ्याच शहरांत भाड्याने मिळते. कुठे मिळते ते माहीत असावं. न थांबायचं ठरलं, तर तेही चुकीचं नाही. आमच्या ओळखीच्या एका आजींनी हा प्रश्न स्वतःच सोडवून ठेवला होता. दोन्ही मुलं अमेरिकेत. त्यांनी सुनांसमोर, जावयांसमोर सांगून ठेवलं, “मी गेल्यावर सहा घंट्यांच्या वर कोणासाठी ठेवायचं नाही मले. पोरं जिवंतपणी येऊन भेटून जातील, तेच खरं.” आणि मुलं खरोखर दर दिवाळीला आळीपाळीने येत राहिली. आजी गेल्या तेव्हा कुणाला वाद घालावा लागला नाही, आणि मुलांच्या मनाला कायमची बोच राहिली नाही. कुणाला उलटं वाटेल, की मुलाच्या हातूनच व्हावं. तसंही सांगून ठेवावं. जे काही असेल ते आपल्या तोंडून आधी निघावं, एवढंच.

तेव्हा आज दुपारी भांडी आवरली की एक काम करा. घरखर्चाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या घरापासून मुलाच्या किंवा मुलीच्या घरापर्यंतचे तास मांडा, जातानाचे वेगळे, येतानाचे वेगळे. शेजारी त्यांच्या घड्याळाचा फरक, उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा. खाली विमानतळापर्यंत नेणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर आणि कागदांच्या मुदतीच्या तारखा. मुलांनाही त्याची नक्कल पाठवा. पान एकच भरेल, पण वेळ आली की घरातल्या सगळ्यांत शांतपणे उत्तर देणारी बाई तुम्हीच असाल.